मोमीताईची हाडं

४ फेब्रुवारी

टाकी बसली एकदाची! क्षार घातलेलं गरम पाणी प्रेताभोवती सोळा तास फिरतं, मांस विरघळतं, मागे उरतात नुसती हाडं. धूर नाही, जळण नाही. हवाई बेटांवरच्या ज्या हिलो गावात सतराव्या वर्षी कबरी खणायला लागलो, तिथेच आज माझं स्वतःचं अंत्यविधीगृह, आणि त्यात हे यंत्र!

मासळीबाजारात म्हातारा नाकोआ ओरडला, "केओकी, आता मढी धुऊन इस्त्रीही करून देणार का?"

"तुम्हाला फुकट, काका. कधी येताय?"

सगळे हसले. तोही.

९ फेब्रुवारी

मोमीताई टाकी बघायला आली. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिलीय. एवढ्या दमट हवेत अंगात लांब बाह्यांचा झगा — जन्माची सवय. टाकीवर टकटक करून म्हणाली, "मावेन का रे मी?"

"अजून दोन मोमी मावतील."

"आणि हाडं? शाबूत राहतात?"

"राहतात. मग सुकवून पूड करून देतो आम्ही."

"माझी पूड नको. झाडाच्या सालीच्या कापडात बांध, आणि कुठे ठेवलीस ते कुणाला सांगू नकोस. आजीची ठेवली होती तशी."

मी म्हटलं, अगं, दाजीच्या शेजारी जागा आहे. दगडावर तुझं नावसुद्धा कोरलंय.

"खोडून टाक."

जाताना पायरीवर थांबली. "टाकी तूच उघडायची. एकट्याने."

१२ फेब्रुवारी

झोप नाही. जोकिमदाजी कबरस्तानाचा मुकादम होता. माझ्या हातात पहिलं फावडं त्याने दिलं, पुढे ही जागा घेताना जामीनही तोच राहिला. तो नसता तर मी कुठल्या तरी हॉटेलात बॅगा उचलत असतो. मरताना माझा हात धरून म्हणाला होता, "मोमीला माझ्याच शेजारी ठेव." मी हो म्हटलं होतं.

माझ्या आणि ताईच्या घरात कुंपण तेवढं एक. गल्लीतली कुजबूजही माझ्या कानांतून सुटायची नाही — कुणाचं लग्न मोडतंय, कोण घर विकतोय, मला आधी कळायचं. धंदा त्या कानांवरच उभा केला. शनिवारी पगार झाला की दाजी रेडिओ असा मोठ्याने लावायचा, की मी इकडे ताल धरायचो. मजेचा माणूस!

१५ फेब्रुवारी

भाचीला विचारलं. "तेरेझा, तुझ्या आईने हे काय खूळ घेतलंय डोक्यात?"

"तिचं तिला माहीत, मामा. तुला पटेल ते कर." आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी स्वच्छच होती.

२० फेब्रुवारी

ताईने दोन बोटं पोई चाटली, अळकुड्यांची ती लापशी. मासा नको म्हणाली. तिने मासा नको म्हणावं!

२७ फेब्रुवारी

गेली. सकाळी सव्वासातला. पाऊस चालूच.

१ मार्च

तिला मीच टाकीत ठेवलं. झडप लावली, बटण दाबलं. हजारो लोकांना निरोप दिलाय मी, पण आज टाकीपाशीच खुर्ची ओढून बसलो.

तोडगा काढलाय. पूड करणार नाही, सालीच्या कापडातच बांधीन — पण ठेवीन दाजीच्या शेजारी. निम्मा शब्द तिचा, निम्मा त्याचा. खड्डा खणून ठेवायला सांगितलाय. मेलेल्या माणसांत तडजोड करणं हाच तर माझा धंदा.

२ मार्च

टाकी उघडली. एकट्याने.

स्वच्छ, पांढरी हाडं. आगीत गेली असती तर तुकडे झाले असते, काही कळलं नसतं. डावा हात दोन ठिकाणी मोडून वाकडा जुळलेला. उजवं मनगट. बरगड्या — पाच मोजल्या, पुढे मोजल्या नाहीत. सगळे घाव जुने. वेगवेगळ्या वर्षांचे.

आणि मी इकडे ताल धरत होतो.

खड्डा बुजवायला सांगितला. तेरेझाने सालीचं कापड पुढे केलं.

ठेवून आलो. कुठे, ते इथेही लिहीत नाही.