पहिला करंडक आणि गुलाबी ससा

बिर्किनेस,
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय हॅल्डोर,

सरोवरकाठ ज्युनियर हॉकी लीगचा पहिला करंडक माझ्या हातून गेला आहे, आणि लीगचा अध्यक्ष वॉल्टर प्रोकोपचुक याला ते सांगण्याचं धैर्य मला होत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता. पण तू एकदा हसायला लागलास की थेट खोकल्यावर जाऊन थांबतोस, आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. तुझा गुडघा कसा आहे? विनिपेगमध्ये दारापुढचा बर्फ काढायला कुणी येतं, की अजून स्वतःच फावडं घेऊन मर्दुमकी गाजवतोस? माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त खुर्चीत बसताना उशी लागते. त्याचं कारण पुढे येईल.

तुला ठाऊकच आहे, मी इथल्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे गावात ज्या गोष्टीला पन्नास वर्षं होतात, ती लोक माझ्या दारात आणून टाकतात. चर्च झालं, सहकारी लोणी कारखाना झाला, आता लीग. वॉल्टर शरद ऋतूत येऊन म्हणाला, "बाई, चारच पानं. तुम्हाला काय अवघड?" (तो साठीला आलाय, दोन्ही खुबे नवे बसवलेत, तरी माझ्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो.) बर्फावरच्या हॉकीच्या त्या रिंकला छप्पर घातलं त्या वर्षापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही, हे मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, इतिहास लिहायला बर्फावर उतरावं लागत नाही. हे वाक्य मी वर्गातही फार ऐटीत म्हणत असे. आता उशीवर बसून त्याच्यावर विचार करते आहे.

इतिहास मात्र चांगला झालाय, स्वतः लिहिलाय म्हणून सांगत नाही. चार गावांची पोरं दर शनिवारी नाचाच्या कार्यक्रमानंतर एकमेकांना बडवतच होती. तेव्हाच्या पाद्रीबाबांना वाटलं, तेच बर्फावर, शिट्टीच्या आवाजावर झालं तर निदान खिडक्या वाचतील. एवढाच लीगचा उदात्त हेतू. पहिल्या अंतिम सामन्यात आपण आणि फॉक्स लँडिंग. छप्पर नाही, मार्चचं ऊन, बर्फावर घोट्याएवढं पाणी, आणि दोन्ही संघांना मिळून एक खोपटं, त्यात एक शेगडी. करंडक कुणीच मागवला नव्हता, कारण चारही गावांना वाटलं, बाकीच्या तिघांनी मागवला असेल. (ही पद्धत लीगने पुढे पन्नास वर्षं इमानाने सांभाळली.) स्टेइना आत्या, म्हणजे तुझी आई, शेगडीवर कॉफी करत होती आणि तिच्या बीव्हरच्या कोटाची डावी बाही पेटली. तिने ती खांद्यापासून कापली, जळका भाग टाकला (थोडा उजव्या कानात राहिलाच), आणि शेवटचं सत्र संपेपर्यंत उरलेल्या फरचं अस्वल शिवून काढलं. डोळ्यांना कोटाचीच बटणं. आत भरायला, दुसऱ्या सत्रात फाटलेल्या तुझ्या पायाच्या पॅडमधले हरणाचे केस. म्हणूनच तू शेवटचं सत्र एक पाय जाड आणि एक बारीक अशा अवस्थेत गोल राखलास. जिंकल्यावर सगळ्या पोरांनी रांगेने त्या अस्वलाचा पंजा हातात घेऊन हलवला. पुढे चांदीचा करंडक आला आणि अस्वल स्केट्सच्या कपाटात गेलं. फेब्रुवारीतल्या सुवर्णमहोत्सवी जेवणाला ते टेबलावर असणार, आणि तुम्ही उरलेले पाच जण त्याचा पंजा पुन्हा हलवणार, असं ठरलंय. तोवर ते माझ्या ताब्यात. वॉल्टर म्हणाला, "बाई, तुमच्याकडे ते बँकेपेक्षा सुरक्षित."

तर काल बिर्किनेस विरुद्ध फॉक्स लँडिंग. पहिल्या मध्यंतरात मी रिंकच्या मधोमध उभं राहून इतिहासाचे दोन परिच्छेद वाचायचे आणि अस्वल उंच धरून दाखवायचं, अशी वॉल्टरची योजना. आता इथे तुझ्या काळानंतरची एक प्रथा सांगायला हवी. नाताळच्या आधीच्या सामन्याला प्रत्येक जण एक मऊ खेळणं घेऊन येतो, आणि आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळे ते बर्फावर फेकतात. मग ती पोत्यांत भरून शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात जातात. मी खेळणं नेलं नव्हतं. शेजारच्या डेलाने स्वतःजवळचा एक गुलाबी ससा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "रॅग्ना, हात रिकामे ठेवून बसलीस तर लोक म्हणतील, मास्तरीण कंजूष आहे." म्हणजे माझ्या एका हातात ससा आणि दुसऱ्या हातात लीगचा इतिहास, ते अस्वल.

हॅल्डोर, माझ्या चार पानांतल्या दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय: घरचा संघ पांढऱ्या पोशाखात खेळतो. तुमच्या वेळी खेळत होता. तो नियम मधल्या काळात उलटा झाला, हे रिंकमध्ये पाय ठेवणाऱ्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत आहे. पांढऱ्या पोशाखातल्या एकाने गोल मारला, लाल दिवा लागला, आणि मी उठले. डेला माझी बाही ओढत ओरडली, "अगं थांब! तो त्यांचा आहे!" पण मी फेकलं होतं. एवढंच झालं असतं तर निभावलं असतं. पण त्या रिंकमधल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय. बाई उठल्या म्हणजे उठायचं, बाईंनी केलं म्हणजे करायचं, हे त्यांच्या हाडात गेलंय. शत्रूच्या गोलवर बिर्किनेसने अस्वलं, कुत्री, माकडं आणि एक माणसाएवढा पेंग्विन यांचा पाऊस पाडला.

पंच म्हणजे केल्विन, मेलस्टेडांचा धाकटा. तो काचेपाशी आला, शिरस्त्राण काढलं आणि म्हणाला, "बाई, माफ करा, पण खेळ थांबवल्याबद्दल आपल्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा द्यावी लागेल."

"नियम आहे ना? मग दे. उभा काय राहिलास?" मी म्हणाले.

आपला एक खेळाडू बाहेर, आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी आणखी एक गोल केला. फॉक्स लँडिंगची सगळी बाजू पाय आपटत ओरडत होती, "बाई, अजून एक! बाई, अजून एक!" आपण बरोबर एका गोलने हरलो. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं, कारण त्याआधीच, केल्विन वळल्यावर, खाली बसून पाहते तो मांडीवर ससा.

मी बर्फावर उतरले. (कशी, ते विचारू नकोस. एक दार होतं आणि मी ते उघडलं.) त्या ढिगाऱ्यापर्यंत मी जवळजवळ पोचलेच होते, आणि मग बसले. आपले खेळाडू खेळणी पोत्यांत भरतच होते. मी बसलेल्या अवस्थेत घसरत पेंग्विनला जाऊन धडकले आणि दोन पोरांनी मला उचलून बाकावर ठेवलं. वादळाचा इशारा असल्यामुळे पोत्यांची गाडी मध्यंतराआधीच शहराकडे निघून गेली. मग ध्वनिक्षेपकावरून माझं नाव पुकारलं. मी गेले, दोन परिच्छेद वाचले, ससा बगलेत धरून. "बाई, अस्वल?" वॉल्टरने कानाशी येऊन विचारलं. मी त्याला सांगितलं की अस्वलाला कसर लागली आहे, आणि उपचार चालू आहेत. तो म्हणाला, "तुमच्या हातात आहे म्हणजे काळजी नाही."

तेव्हा, ते रुग्णालय तुझ्या घरापासून चार बसथांब्यांवर आहे. उद्याच जा. तपकिरी, उजवा कान जळका, जुन्या पॅडसारखा वास. कुणी ओळखो न ओळखो, तू ओळखशील. तुझ्यासाठी सुक्या प्लमचा सात थरांचा केक करून ठेवलाय.

तुझी मामेबहीण,
रॅग्ना

ता. क. – जाऊ नकोस. पाकीट बंद करायच्या आत रुग्णालयातल्या परिचारिकेचा फोन आला (मी सकाळीच तिकडे वर्णन कळवून ठेवलं होतं). जुनी खेळणी ते वॉर्डात घेत नाहीत, पण पोतं उघडताना टेसा नावाची एक मुलगी तिथेच बसली होती आणि तिने अस्वल पोत्यातून थेट उचललं. ती उत्तरेकडच्या, फक्त विमानानेच पोचता येतं अशा एका गावची आहे. घरचं माणूस सोबत नाही. परिचारिका म्हणाली, "नाताळापर्यंत तरी तिला इथेच ठेवावं लागेल. ती म्हणते, ह्याला माझ्या आजोबांच्या हरणाच्या कातड्याच्या हातमोज्यांसारखा वास येतो. मागून बघू का तिच्याकडून?" मी नको म्हणाले. मग विचारलं, ते लीगचं आहे हे तिला सांगितलंत का? तर ती म्हणाली, "सांगितलं. तिने विचारलं, कोण जिंकलं होतं?" तुझ्या त्या पॅडच्या वासाने आम्ही सगळ्यांनी नाक दाबलं होतं, हॅल्डोर. पन्नास वर्षांनी तो कुणाच्या तरी कामी आला.

ता. क. २ – आता मुद्द्याचं. स्टेइना आत्याचा तो कोट तुझ्या पेटीत अजून आहे, हे मला ठाऊक आहे. त्याची उजवी बाही शाबूत आहे. ती कापून, दोन बटणांसह, टपालाने ताबडतोब पाठव. कान मी इथे शेगडीवर जाळीन. तुझं जुनं पॅड असेल तर मूठभर केसही. तू म्हणशील, इतिहासाच्या शिक्षिकेने असं करावं? तिसऱ्या पानावर मी लिहिलंय की फॉक्स लँडिंगचा तो शेवटचा फटका पाण्याच्या डबक्यात अडकून गोलरेषेच्या अलीकडे थांबला आणि तू तेव्हा दुसरीकडे पाहत होतास. बाही पोचली, की तिथे "हॅल्डोरने झेप घेऊन अडवला" असं येईल. छपाई पुढच्या सोमवारी आहे.

आणि वॉल्टरशी बोलू नकोस. जेवणाच्या वेळी पंजा हलवताना चेहरा गंभीर ठेव.

सुपूर्द केल्याची नोंद, नंतर केलेली, फक्त माझ्याकडच्या प्रतीसाठी:
सरोवरकाठ ज्युनियर हॉकी लीगचा पहिला करंडक, अस्वल, एक. उजवा कान जळका.
देणार: रॅग्ना स्टेफॅन्सन. गोल कोणाचा, ते न पाहता.
घेणार: कुमारी टेसा, मुलांचा वॉर्ड.
मागाहून टपालाने पाठवलेला, वाटल्यास बदल्यात म्हणून देऊ केलेला ससा, गुलाबी, एक: तोही तिने ठेवून घेतला.
कोण जिंकलं, ते कळवलं: बिर्किनेस.