बी. के. म्हात्रे यांचा शोध

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी साडेसात.
सापडला! आवाज सापडला. मालती बघते त्या भिकार मालिकेत. नायिकेची हळद चाललेली, सासू खांबाआडून डोळे वटारतेय, आणि मागे एका बाईचा आवाज. पेटी नाही, तबला नाही. अंगावर काटा आला. हातातला घास हातात.

आता बघतोच त्या दिनानाथला. रोह्याच्या आमच्या श्रोता कट्ट्याचा उद्योगच हा. मालिकांत मागे गाणारे, कोणाला नाव माहीत नसलेले गायक शोधायचे आणि सभेत सादर करायचे. दिनानाथने दोन वर्षांत तीन शोधले. तीन शाली मिळाल्या. मी शून्य. तो कंपनीत पंचवीस वर्षं माझ्याच शिफ्टला होता, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता शाल पांघरून फोटो टाकतो. जानेवारीत. घामाघूम होऊन.

२ फेब्रुवारीच्या सभेत हा आवाज मी मांडणार. गायिकेसकट!

७ जानेवारी. सकाळी ९.
एपिसोड मोबाइलवर पुन्हा लावला. शेवटची नावं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळतात. अकरा वेळा थांबवलं. बाराव्यांदा सापडलं. 'स्वर : बी. के. म्हात्रे, कासू.' कासू म्हणजे आमच्या पेणच्या पुढचं स्टेशन!

माझं निदान : किराणा घराणं. किमान पंधरा वर्षांची तालीम. वय तीस-बत्तीस. 'बी' म्हणजे बहुधा बागेश्री.

मालतीला ऐकवलं. म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतो. म्हटलं, तुला कुकरच्या शिट्टीशिवाय कुठला आवाज ओळखू येतो? आत निघून गेली. खरं बोललेलं कुणाला आवडत नाही.

९ जानेवारी. दुपार.
दिनानाथला फोन केला. मालिकेतला तो आवाज ऐकवला. सांगितलं, २ तारखेला गायिका स्टेजवर आणली नाही तर कट्टा सोडीन. ग्रुपवर लिहूनही टाकलं. चौदा अंगठे आले. दिनानाथने हात जोडलेले पाठवले. नालायक.

फोन चालू असतानाच खाली ती मीठवाली बोंबलली. मीऽऽठ घ्या गो, जाऽऽडं मीठ, वाऽऽल! दर गुरुवारी हाच तमाशा. दिनानाथ म्हणाला, कोण रे ती? म्हटलं, मीठवाली, थांब हाकलतो. तर म्हणाला, थांब, ओरडू दे जरा. कुठली आहे? म्हटलं, मला काय माहीत, मालतीला विचार. फोन मालतीकडे दिला. दहा मिनिटं बोलत होते. फुकट्याला वाल हवे असणार.

मी खाली गेलो. नोव्हेंबरात सोसायटीत ठराव करून मी गेटवर बोर्ड लावलाय. 'फेरीवाल्यांनी आवाज करू नये. हुकुमावरून, सेक्रेटरी.' खाली माझी सही, त्र्यंबक. ही बायजाबाई म्हणते, मना वाचता येत नाय दादा, तुमीच वाचून दाखवा. दाखवलं. मोठ्याने दोनदा वाचलं. टोपली उचलून गेली.

१४ जानेवारी. संक्रांत.
मालती म्हणते, बायजाबाईला तिळगूळ ठेवते. म्हटलं, अजिबात नको. ती आधीच नको इतकं बोलते.

संकल्प : उद्या कासूला जायचं.

१५ जानेवारी.
गुडघा. उद्या.

१८ जानेवारी, शनिवार.
कासूला गेलो. एकदाचा! शोध म्हणजे काय असतो ते दिनानाथला काय ठाऊक! स्टेशनबाहेर विचारलं, विदुषी बी. के. म्हात्रे कुठे राहतात? पारावरच्या टवाळांनी आधी विचारलं, ईदुशी म्हंजी काय. मग म्हणाले, निम्मा गाव म्हात्रेच हाय. म्हटलं, गाणाऱ्या. तर एक शिवा नावाचा म्हणतो, मग धवलारीन पायजेल का? हलदीला, का लग्नाला? तारीख बोला, आत्याला इचारतो.

संतापलो. आगऱ्यांच्या लग्नात ती बाई बसते, धवले म्हणत विधी लावते, मला माहीत आहे, मी काही परग्रहावरून आलेलो नाही. म्हटलं, अरे, मला लग्न लावायचं नाही, मला गायिका हवी आहे! सगळा पार खदखदा हसला. एक म्हातारा म्हणाला, या वयात नकोच लावू.

अडाणी गाव. गावात रत्न आहे आणि यांना पत्ता नाही.

२४ जानेवारी.
काल गुरुवार. मीठवाली आली आणि गेली, कळलंसुद्धा नाही. बोर्डाचा परिणाम. वॉचमनसमोर स्वतःचं अभिनंदन केलं.

मालती म्हणाली, बायजाबाई कासूचीच आहे, तिला विचारा ना एकदा. मीठवालीला? किराणा घराण्याबद्दल? हसू आवरेना. मालती नाही हसली. अलीकडे तिला विनोद कळत नाही.

३० जानेवारी.
मालिकावाल्यांना पाच मेल पाठवली. उत्तर नाही. माजलेत.

नवा बेत : बागेश्रीताई परदेश दौऱ्यावर आहेत असं सांगायचं. 'आणली नाही' आणि 'येऊ शकली नाही' यात फरक आहे. चाळीस मिनिटांचं भाषण तयार. कट्टा सोडायचा प्रश्नच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. रोह्याहून परत आल्यावर.
लिहू नये असं वाटतंय.

भाषण झालं. खर्ज, मींड, श्वासाची जागा, सगळं सांगितलं. परदेश दौराही सांगितला. तोंडातून 'नेदरलँड्स' निघून गेलं. टाळ्या पडल्या. मग दिनानाथ उठला. म्हणाला, त्र्यंबकच्या पाहुण्या नेदरलँड्सहून लवकर पोचल्या आहेत, मागच्या दाराने घेतोय.

बायजाबाई काळुराम म्हात्रे. हिरवं लुगडं, नाकात नथ. मागून मालती. माझी मालती! सकाळी म्हणाली होती, मी मैत्रिणीकडे जातेय.

मालिकावाले गावात हळदीचं शूटिंग करायला आले, खरी धवलारीण हवी म्हणून हिला बसवलं, असं दिनानाथने सांगितलं. मग ती गायली. माइक बाजूला सारला. शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा म्हातारा खाडकन जागा झाला. माझ्या अंगावर पुन्हा काटा आला. अगदी तोच, ६ तारखेचा.

नंतर कोणीतरी आगाऊपणे विचारलं, त्र्यंबकरावांनी तुम्हाला शोधलं कसं? ती साधेपणाने म्हणाली, या दादांना माजा आवाज म्हायती हाय. धा वर्सं तेंच्या दारात मीठ इकते. आता वरडत नाय. बोरड लावलाय तेंनी. मना वाचून पन दाखवला.

सभागृह हसून हसून वेडं झालं. ती नाही हसली. तिने ते तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं. हेच झोंबलं.

शाल तिला दिली. तिलाच मिळाली ते बरं झालं. कट्टा सोडल्याचं मी ग्रुपवर टाकलं. सोळा अंगठे.

गाडीत मालतीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा सांगितलं.

४ फेब्रुवारी.
बोर्ड काढायला गेलो. वॉचमन म्हणाला, ठराव झालाय साहेब, सभेशिवाय निघत नाय, तुमीच लिवलंय तसं. पुढची सभा ऑगस्टमध्ये.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी साडेदहा.
आठपासून खिडकीत बसलो. दहाला मालतीचा फोन एकदा वाजून बंद झाला. ती पिशवी घेऊन खाली निघाली. बायजाबाई आता मिस्ड कॉल देते म्हणे.

खाली दोघी कुजबुजत होत्या. वरपर्यंत काही येईना. मला राहवलं नाही. खिडकीतून जीव खाऊन ओरडलो, बायजाबाई, एकदा आवाज द्या हो!

तिने वर बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. वॉचमनने मला बोर्ड दाखवला.