बॉटल पामचा शेंडा

प्रिय द्वारकाआत्या,

मागच्या पत्रातलं एक आधी दुरुस्त करते. माझ्या लग्नाच्या मंडपासाठी बाबा अंगणातल्या बॉटल पामची वाळलेली पानं काढणार, असं मी लिहिलं होतं. तसं नाहीये. ते शेंडाच उतरवणार आहेत. मी अर्धंच ऐकलं होतं. काल मंडपवाले दशरथ मापं घ्यायला आले तेव्हा नीट कळलं. पानं छताच्या कापडाला लागतात, म्हणून वरून दोन हात कमी करायचं. बाबा म्हणाले, "फुटेल की पुन्हा. आंबा नाही का फुटत?"

तू शिकवलंस तसं मी सांगितलं. पामला फांद्या फुटत नाहीत. वरती एकच कोंब, तो गेला की झाड गेलं. पानं तरी किती, पाच-सहा. हिरव्याला हात लावायचा नाही, खालचं पूर्ण वाळलं की आपणहून सुटतं. हवं तर पानं चार दिवस सैल बांधू, नाहीतर मंडप हातभर सरकवू. बाबांनी चष्मा पुसला. "लग्नाला पाहुणे येणारेत, झाडावर बसायला कावळे नाहीत. झाडाचा एवढा पुळका असेल तर त्यालाच माळ घाल." दशरथ हसले. आत्या, मीही हसले. मला भीती वाटते ती याचीच.

सासर सोडून तू आमच्याकडे आलीस, त्या वर्षी लावलेलं तुझं हे रोप. तू खराडीला गेल्यापासून दर गणपतीला बाबा ते 'नीटनेटकं' करतात. हिरवी पानं छाटून छाटून त्याची मान बारीक झालीये. आई म्हणते, जाऊ दे, लग्नघरात वाद नको. तू गेलीस त्या दिवशीही ती असंच काहीतरी म्हणाली होती.

पत्रिका कधी येतेय, असं तू विचारलंस. येणार नाहीये. "नवरा सोडलेल्या बाईला मंडपात कुठं बसवायचं? लोकांना उत्तरं कोण देणार?" असं बाबा म्हणाले. हे फोनवर सांगता येत नाही, ते शेजारच्याच खोलीत असतात. आत्या नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही, हे मी सलिलला सांगितलं. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांग." बरोबर आहे त्याचं. म्हणून हे तुला आधी लिहून टाकतेय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. दशरथ करवत घेऊन येतील त्याच सकाळी, त्यांच्या आधी, मी अंगणात उभी राहून बाबांना दोन्ही सांगणार आहे: शेंडा उतरणार नाही, आणि आत्या मंडपात पहिल्या रांगेत बसेल. गुरुवारी, चार डिसेंबरला.

तुझीच,
भाग्यश्री