रिकाम्या पत्त्यावरून

२ मार्च २०२०, लातूर
आले एकदाची! काम मजेशीर आहे: त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावोगाव बसवलेल्या, हादरे नोंदवणाऱ्या जुन्या पेट्यांच्या चिपमधली माहिती काढायची. खोली तळमजल्यावर, वर डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरींचं हॉस्टेल, पाठांतराचा नुसता गोंगाट. घरमालकीण चांदबीखालांनी आल्या आल्या भाकरी-ठेचा पुढे केला. म्हणाल्या, नांदेडचे लोक लई कमी खातात. मी पोटभर हाणून नांदेडची अब्रू राखली.

१२ मार्च
चिप वाचायला कोणता ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला चिपशी बोलू देणारा प्रोग्राम, घ्यावा यावर डोकं पिकलं. जुना स्वतःच चिप हुडकतो आणि फक्त वाचतो, पण आता मोडीत निघालाय. नवा वाचतो, लिहितोही. मात्र चिप कोणत्या पत्त्यावर, म्हणजे वायरीवरच्या कोणत्या क्रमांकावर आहे हे आपण सांगायचं. तो तपासत बसत नाही, विश्वास ठेवतो. नवाच घेतला.

२१ मार्च
साथीमुळे क्लास बंद, पोरी गावी गेल्या. खालाही उदगीरला लेकीकडे. एवढी शांतता मला झेपत नाही. भांड्यांशी बोलून राहिलेय.

२५ मार्च
भूकंपात पडलेल्या गावठाणातून आणलेली पेटी आज खोलीतच संगणकाला जोडली. घाईत चिपचा पत्ता चुकीचा टाकला. तिथे चिपच नाही, काहीच यायला नको होतं. पण आकडे आले: तीन धक्के, जरा थांबून पुन्हा तीन. गंमत म्हणून तसेच तीन लिहून पाठवले. लगेच उत्तर! खरं सांगते, बरं वाटलं. कुणीतरी आहे.

२८ मार्च
खालांना फोनवर सांगितलं. भूकंपात त्यांचं माहेर गेलं. तेव्हा लोक ढिगाऱ्यावर दगड ठोकायचे आणि खालून कुणी ठोकतंय का म्हणून कान लावून बसायचे. म्हणाल्या, "आपण जबाब दिला की उकरावंच लागतंय, बेटी. जबाब देऊन कुणी निघून जात न्हाई."

२९ मार्च
ड्रायव्हर काढला. पेटीची वायर तोडली. ठोकणं चालूच. आता संगणकातले आकडे नाहीत, खरा आवाज, फरशीखालून. भर दुपारी.

३० मार्च
आईचा फोन लागत नाही. बाहेर चिटपाखरू नाही. तीन. थांबून तीन. शेवटी दाराजवळची फरशी उचकटली, कोपरभर खणलं. माती, नुसती माती. नाही जमत मला.

३१ मार्च
ओरडून सांगितलं, मी नाही उकरणार! ठोकणं थांबलं. हायसं वाटून रडले.
मग खरवडणं. दाराजवळच्या खड्ड्यातली माती वर येतेय — बाहेर पडायला तोच ओलांडावा लागणार — ते आता स्वतःच खालून उक—