कबुतरांवर स्वारी, टेक तिसरा

शनि. ८ फेब्रु.
शूटिंग संपलं एकदाचं. नऊ मिनिटांचा सिनेमा. लालबागच्या एका चाळीतल्या तिसऱ्या मजल्याचा राजा गॅलरीतल्या कबुतरांवर स्वारी करतो, एवढीच गोष्ट. मुकुट केकच्या खोक्याचा. शेला हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेला उरलासुरला तुकडा. कॅमेरा आणि माइक, दोन्ही माझा मोबाईल. शत्रुसैन्य फुकट आलं.

राजा म्हणजे आमच्या शेजारचे काका. गिरणीत होते तेव्हा दर वर्षी गावी जाऊन दशावतारात राजा करायचे. तिथे लिहिलेले संवाद नसतातच, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. इथेही तसंच केलं. एकदाही हसले नाहीत. मला असले सिनेमे आवडतात ते यासाठीच. पुठ्ठा सरळ पुठ्ठा दिसतो आणि माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

तिसऱ्या टेकला काका झाडू उगारून धावले आणि मध्येच थांबले. "या पक्ष्यांना आमच्या राणीनं रोज दाणे घातले. यांच्यावर शस्त्र कसं उगारू?" 'राणीनं' ऐकलं तेव्हाच मी फस्सकन हसले. शूटिंगला सोबत असलेला संकेत तर खालीच बसला.

रवि. ९
सकाळपासून कशात लक्ष नाही. काकी रोज गॅलरीत ज्वारी टाकायची. अख्खी चाळ ओरडायची तिच्यावर, घाण होते म्हणून. तिला जाऊन दोन वर्षं होतील आता. हे काल मला आठवू नये?

आणि हा विनोदी सिनेमा आहे, हे काकांना सांगितलंच कुठे? "राजाचं काम आहे," एवढंच म्हटलेलं. लाज वाटते.

बुध. १२
संकेतशी वाजलं. एडिटिंग त्याच्याकडे. राणीचं वाक्य काढ म्हटलं त्याला.
"ते वाक्य काढलं तर उरतं काय? डोक्यावर खोकं घालून एक म्हातारा पळतो, बस."
बरोबर बोलला, म्हणून जास्त राग आला.
"मग तू विचार ना काकांना!" तोही चिडला.
विचारते म्हटलं. त्यांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आले. एकदा तर कोथिंबीर मागितली. घरात जुडी पडलेली असताना.

रवि. १६
संध्याकाळी खोताच्या वाडीत, संकेतच्या मित्राच्या अंगणात दाखवला. पडदा म्हणजे चादर, मधोमध घडीची रेघ. चाळीसेक माणसं. हसून हसून बेजार. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, पायाशी चपला नीट जुळवून. राणीच्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा. मी पडद्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघत होते. तेच तोंड, राजाचं.

टॅक्सीत काका त्यांच्या मालवणीत म्हणाले, "लोक हसले मा?"
"हो. काका, तुम्हाला राग तर..."
"राग कित्याक? राजान हसूचा नसता, लोकांनी हसूचा. राजा हसलो की खेळ संपलो."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं? की मला बरं वाटावं म्हणून? ज्या चेहऱ्यावर आम्ही एवढे खूश होतो, त्यावरून आता काहीच कळत नाही.

सोम. १७
संकेतला सिनेमा आजच नेटवर टाकायचाय. परवानगी घेऊन ये म्हणे.

गेले. या वेळी कोथिंबीर नाही, सरळ विचारलं. काकांनी मोबाईल हातात घेतला, ते वाक्य लावायला सांगितलं. मग स्क्रीनकडे न बघता कानाशी धरला. परत लाव म्हणाले. परत लावलं.

"टाक. लोक हसांदेत," म्हणाले. "तुझा हसणा तेवढा काढ. तू तिच्या हातचा जेवलंस."

दुपारपासून मोबाईलमधलं मूळ रेकॉर्डिंग उघडून, हेडफोन लावून बसलेय. माइक एकच होता. माझं हसणं नेमकं 'राणीनं'वर पडलंय. ते कापलं की राणीही जाते. आवाज कमी केला तर काकाही बारीक होतात. पुन्हा बोलून द्या, असं त्यांना सांगायची माझी छाती नाही.

संकेतचा मेसेज, टाकू ना? थांब म्हटलं. त्याला वाटतंय काका नाही म्हणाले.