मुका ब्लॉक

नोनांतोला, ता. ७ एप्रिल १९४७

चि. ओरेस्ते यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काल ईस्टरला तुझ्या वाटच्या तोर्तेल्लीनी मीच खाल्ल्या, रागावू नकोस. बाबांच्या घशाखाली काही उतरलं नाही. मालागोली इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शर्यतीच्या मोटारी दुरुस्त करायचे, आता स्वतःच्या नावाची पहिली मोटार काढतायत. गाडीचा पत्ता नाही, पण नावाचा बिल्ला कोटाला लावून हिंडतात! तिच्या इंजिनाचा ब्लॉक ओतायचं काम बाबांकडे आहे. तो जमला आणि मोटार धावली, तर भट्टीवर तुला नि बाबांना कायमचं काम.

पण दोन ब्लॉक वाया गेले. बाबा घंटा वाजवून बघतात तसे त्यांनी ते हातोडीने वाजवले, तर दोन्ही मुके. आतून तडा गेलाय म्हणाले, घणाने फोडले नि पुन्हा वितळवले. जन्मभर घंटा ओतल्या, गावोगावचे पाद्री त्यांच्या कानावर विसंबतात, तिथे मी काय बोलणार? तिसरा १९ तारखेला ओतायचा. तोही फुकट गेला तर दुसरा माणूस बघीन, असं मालागोलींनी बजावलंय.

मेअखेर तुझा तिकडचा कोळशाच्या खाणीचा करार संपतो. इथे काम नसलं तर तू पुन्हा सही करशील, मला ठाऊक आहे. शेजारच्या इव्होनेही केली होती. मागच्या महिन्यात खाणीतून त्याची शवपेटी आली. तेव्हापासून मला धडकीच भरली आहे.

जिवाला जप. जपत नसलास तर निदान जपतो असं खोटं लिही.

तुझी एर्सिलिया

शार्लरुआ, ता. १३ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, ते अ‍ॅल्युमिनियम आहे, घंटेचं कांसं नव्हे! लढाईत विमानांच्या कारखान्यात मी हेच ठोकत होतो. धडधाकट असलं तरी असं ओतीव थप्पच वाजतं. त्यांना घण उचलू देऊ नकोस. ब्लॉकला बाहेरून खडूची पूड फासा, आत रॉकेल भरा नि सकाळपर्यंत ठेवा. पूड ओली झाली तरच तडा.

हे बाबांना सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुला लिहितो. भित्रा म्हण हवं तर. इथे सगळं ठीक, खोकला तेवढा आहे. पत्र वेळेत पोचलं म्हणजे मिळवली.

बाबांना न सांगता नमस्कार.

तुझा ओरेस्ते

नोनांतोला, ता. २२ एप्रिल

चि. ओरेस्ते यास आशीर्वाद.

पत्र काल आलं तेव्हा ब्लॉक अंगणात होता आणि घण बाबांच्या हातात. मी सरळ ब्लॉकवर जाऊन बसले. वेड लागलंय का, ऊठ, म्हणून ओरडले. मी तिथेच बसून तुझं पत्र वाचून दाखवलं. कालचं पोर मला धातू शिकवणार का, म्हणाले, पण घण खाली ठेवला. मग पूड फासून रॉकेल भरलं.

आज सकाळी पूड कोरडी ठणठणीत! मला नाचावंसं वाटलं. बाबा मात्र बघतच राहिले. मग आधीचे दोन्हीही धडच होते का, एवढंच त्यांनी विचारलं.

ब्लॉक मालागोलींकडे गेला, पण मोटार अजून धावायची आहे. तू मात्र सही करू नकोस रे.

तुझी वाट बघणारी एर्सिलिया

नोनांतोला, ता. २५ मे

चि. ओरेस्ते यास आशीर्वाद.

मोटार धावली! दारं नाहीत, टप नाही, तरी आपल्या घरावरून गेली. मी डोळे गच्च मिटले होते, ती परत आली तेव्हाच उघडले. मालागोलींनी इंजिन चालू ठेवून सगळ्या गावासमोर बाबांना विचारलं, की तुमचा कान सारा मुलूख मानतो, आवाज कसा वाटतो ते सांगा. बाबा म्हणाले, आवाजाचं मला विचारू नका, माझा मुलगा येतोय, त्याला विचारा. मालागोली म्हणाले, मग बोलवा त्याला, काम तयार आहे.

बाबा पाठ फिरवून भट्टीकडे गेले. रडत होते रे, मी पाहिलं.

उत्तर लिहीत बसू नकोस. नीघ.

ताई