प्रोफेसरचा तुरा

प्रिय लता,

दीनानाथला जाऊन सात आठवडे झाले, आणि टाउनशिपच्या दप्तरात तो अजूनही कोंबड्यांच्या झुंजी लावणारा माणूस आहे. हे तुला, त्याच्या बायकोला, खुपतं तसं मलाही खुपतं. फरक एवढाच, की तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

स्टील प्लँटमधून रिटायर झाल्यावर त्याने हॅमिल्टनबाहेर ती पाच एकर जागा घेतली, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. इन्क्युबेटरमधली बारा पिल्लं मोठी झाली आणि त्यांतले सात नर निघाले. शेजारचा शेतकरी म्हणाला, दोन ठेव, बाकीचे फ्रीझरमध्ये टाक. आपल्या घरात अंड्यापलीकडे काही शिजलं नाही. दीनानाथ दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी त्याने सातही ठेवले, आणि एकमेकांवर धावून जातात म्हणून प्रत्येकाला वेगळा पिंजरा करून दिला. सगळ्यांत जास्त आरवणाऱ्याचं नाव ‘प्रोफेसर’. मला म्हणाला, "रवी, हा तुझ्यावर गेलाय, समोर कोणी नसलं तरी भाषण चालूच!" तू भांडी घासता घासता किती हसली होतीस.

गेल्या वर्षी जानेवारीत पारा उणे अठ्ठावीसवर गेला. तू तेव्हा लेकीकडे, अवंतिकाकडे व्हँकुव्हरला होतीस. रोज व्हॅसलिन चोळूनही प्रोफेसरचा तुरा गारठून काळा पडला, मग सडायला लागला. दीनानाथने मला बोलावून घेतलं. मी कोंबडा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरला आणि त्याने उकळलेल्या कात्रीने तो काळा भाग कापला. कापताना तोंडाने कोंबड्याची माफी मागणं चालू होतं. मी म्हटलं, अरे, त्याला मराठी येत नाही. तर म्हणतो, "प्रोफेसर आहे, येत असेल."

सप्टेंबरात पोलिसांनी पलीकडच्या एका गोठ्यात झुंजीचा अड्डा पकडला. पायांना पाती बांधलेले, झुंजीसाठी तुरे छाटलेले कोंबडे, आणि भोवती ओरडणारी माणसं. त्यानंतरच्या कौन्सिल मीटिंगला मी बोललो, ते तू ऐकलंस. दुबळ्या जिवाच्या रक्तावर करमणूक करणाऱ्यांबद्दल मी जे म्हणालो, त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही. पण टाळ्यांच्या भरात मी पुढे गेलो. पुराव्याची वाट कशाला पाहता, म्हणालो. कापलेले तुरे, वेगवेगळे पिंजरे, दोनाहून जास्त नर, ह्या खुणा हाच पुरावा माना. टाउनशिपच्या नव्या नियमात ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं आलं. दीनानाथ तुझ्या शेजारी बसला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नसेल.

नोव्हेंबरात इन्स्पेक्टर तुमच्याकडे आला. तिन्ही खुणा सापडल्या. सातही कोंबडे उचलून नेले, आणि टाउनशिपच्या ताब्यात ते मारले गेले. जे दीनानाथच्या हातून झालं नाही, ते माझ्या वाक्याने केलं. तो कोर्टात गेला. झुंजी लावणं हा देशाच्या कायद्याने गुन्हा आहेच, पण नुसत्या खुणा पाहून माणसाला गुन्हेगार ठरवायचा अधिकार टाउनशिपला कोणी दिला, एवढाच त्याचा प्रश्न होता. वकिलाने विचारलं, तुरा का कापला हे पाहिलेलं कोणी आहे का? दीनानाथचा मला फोन आला. "रवी, तू धरला होतास ना त्याला," इतकंच म्हणाला. मी सांगितलं, त्या तारखेला माझं तिकडे व्हँकुव्हरजवळ, बर्नाबीला लेक्चर आहे.

लता, मी बर्नाबीला गेलोच नाही. पडदे ओढून घरीच बसलो होतो. ज्या नियमासाठी मी गाव पेटवलं, त्याच्याविरुद्ध त्याच लोकांसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. साक्षीदार नाही म्हणून पुढची तारीख पडली. त्या तारखेपर्यंत दीनानाथ राहिला नाही. हॉस्पिटलमध्ये त्याने मला विचारलं, लेक्चर कसं झालं? मी म्हटलं, छान झालं. त्याने माझा हात थोपटला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे आता मला कोण सांगणार?

काल अवंतिकाचा फोन आला. "मामा, आई इज डन. शी जस्ट वॉन्ट्स टू साइन." त्याच्या मागे तुझ्या नावावर आलेली केस मागे घेण्याच्या कागदावर तू सोमवारी सही करणार आहेस, असं ती म्हणाली. म्हणून हे लिहितोय. सोबत माझं शपथपत्र आहे, नोटरीसमोर केलेलं. कोंबडा कोणी धरला होता आणि नियमातलं ते वाक्य कोणाचं, दोन्ही त्यात आहे. तारीख पडली की मी येईन आणि तेच सगळ्यांसमोर बोलेन. माफी मागत नाही. ज्याच्याकडे मागायची तो गेला. तू दमली आहेस, हे कळतं मला. तरी सोमवारी त्या कागदावर सही करू नकोस. हे शपथपत्र वकिलाच्या हातात दे.

तुझाच,
रवीदादा